वेगानंद महाराजांचं ताजं दर्शन

त्या पौर्णिमेला जळगावात, मेहरूणच्या आमच्या रक्तपेढीत जेवढी माणसं जमली, तेवढी बारा वर्षांत एकाही रक्तदान शिबिराला जमली नव्हती. जिन्यात माणसं, पाणपोईपाशी माणसं, तपासणीच्या खोलीत चपला घालून यायला बंदी, तिथेही चपलांसकट माणसं. तीन इंजिनिअर होते, दोन डॉक्टर होते आणि एका महाविद्यालयाचे प्राचार्य झेंडूचा हार घेऊन पहिल्या रांगेत उभे होते. एवढी विद्वान मंडळी कशासाठी जमली होती? संगणकाची पूजा बघायला.

पूजा करणार होते वेगानंद महाराज. भगवी कफनी, कपाळावर गंध, गळ्यात रुद्राक्षांची माळ आणि त्या माळेत मधोमध ओवलेला एक पेनड्राइव्ह. गिरणीवाल्यांची, पतसंस्थांची, शाळांची ‘मंदावलेली यंत्रं’ ते मंत्राने पळवतात अशी त्यांची कीर्ती शिरपूरपासून भुसावळपर्यंत पसरली होती.

आमचं दुखणं खरं होतं, ते आधी सांगतो. आमच्या रक्तपेढीची चार केंद्रं. मुख्य जळगावात, आणि धुळे, शिरपूर, पहूर इथे साठवणीचे फ्रीज. कुठल्याही केंद्रावर रक्तगट निवडून बटण दाबलं की कोणत्या फ्रीजमध्ये त्या गटाच्या किती पिशव्या देण्याजोग्या आहेत, त्याची यादी पडद्यावर यायची. देण्याजोगी म्हणजे तपासणी झालेली, मुदत न संपलेली, दुसऱ्या कुणासाठी राखून न ठेवलेली. ही यादी ज्यातून यायची त्याला संगणकाची माणसं ‘व्ह्यू’ म्हणतात. आमच्या व्ह्यूचं नाव होतं ‘उपलब्ध रक्त’. पहिल्या वर्षी यादी बोट उचलायच्या आत यायची. मग दहा सेकंद लागू लागले, मग मिनिट. गेल्या वर्षी मी घड्याळ लावून मोजलं: तीन मिनिटं चाळीस सेकंद. समोर नातेवाईक हात जोडून उभा आणि पडद्यावर एक चक्र गरगर फिरतंय.

मी तिथे दात्यांना फोन करण्याचं काम करतो. सगळे मला नाना म्हणतात. ही संगणकव्यवस्था बसवली होती पारसने. पारस म्हणजे आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष निर्मलकुमारजी यांचा पुतण्या, पुण्याहून बी.ई. होऊन आलेला. त्याने आधी सांगितलं, सर्व्हर जुना झाला. नवा घेतला. चक्र तसंच फिरत राहिलं. मग म्हणाला, वायरिंग खराब आहे. वायरिंग बदललं. चक्र फिरतच होतं. शेवटी त्याने महाराजांना आणलं.

महाराजांनी सर्व्हरच्या खोलीच्या दारात आसन घातलं आणि डोळे मिटून बोलायला सुरुवात केली.

“इंग्रजीत ज्याला व्ह्यू म्हणतात, त्याला आपल्या ऋषींनी काय म्हटलंय?”

“दर्शन!” प्राचार्य ओरडले. वर्गात पहिलं उत्तर देणाऱ्या मुलासारखा त्यांचा चेहरा फुलला.

“दर्शन! आणि दर्शन मंद का होतं? दोष असतो म्हणून.” महाराजांनी एक डोळा उघडून पारसकडे पाहिलं. “बारा वर्षांत किती नोंदी डिलीट केल्यात?”

“असतील वीस-पंचवीस हजार,” पारस म्हणाला.

“त्यांचं श्राद्ध घातलंत?”

पारसने नकारार्थी मान हलवली.

“नाही घातलं! त्या पंचवीस हजार नोंदी या सर्व्हरमध्ये अतृप्त भटकताहेत. प्रत्येक प्रश्नाच्या वाटेत आडव्या येताहेत. याला म्हणतात डेटापितृदोष.”

मला हसू फुटलं. शेजारच्या इंजिनिअरने मला कोपर मारलं आणि कुजबुजला, “हसू नका नाना, यात सायन्स आहे.”

मग महाराजांनी पूजेचं साहित्य मागितलं. नारळ, लिंबू, मिरच्या, कापूर. आणि शेवटी अगदी सहज: “सर्व्हरचा बीजमंत्र भूर्जपत्रावर लिहून द्या.”

“बीजमंत्र म्हणजे?”

“ॲडमिनचा पासवर्ड.”

आणि या पुण्याच्या बी.ई.ने तो लिहून दिला! घरच्या तिजोरीची किल्ली कुणी मागितली असती तर या घराण्याने सात पिढ्यांची चौकशी केली असती. चार केंद्रांवरच्या रोग्यांचा जीव ज्या यंत्रावर, त्याची किल्ली मात्र झाडाच्या सालीवर लिहून एका परक्या माणसाच्या हातात.

महाराज लाल फडक्यात गुंडाळलेलं ‘यंत्र’ काखेत मारून आत गेले. दार लावून घेतलं. यंत्राच्या फडक्यातून लॅपटॉपची वायर लोंबत होती, ती मला दिसली. इतरांनाही दिसली असणार, पण श्रद्धेत वायर दिसत नाही. आतून अर्धा तास घंटा वाजत होती, बाहेर टाळ्या वाजत होत्या. मग दार उघडलं. कापराचा धूर, घामाघूम महाराज आणि सर्व्हरच्या पेटीला बांधलेलं लिंबू-मिरची.

“दाबा,” महाराज म्हणाले.

निर्मलकुमारजींनी बटण दाबलं. बोट उचलायच्या आत यादी पडद्यावर! चारही केंद्रं, आठही गट. पुन्हा दाबलं. पुन्हा यादी! खोलीत असा जल्लोष झाला की खालच्या मजल्यावर रक्त देत पडलेला माणूस सुईसकट उठून बसला. प्राचार्यांनी हार घातला. इंजिनिअर पाया पडले. निर्मलकुमारजींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खोटं नव्हतं. या माणसाने वडिलांच्या नावे रक्तपेढी काढली होती आणि त्या फिरत्या चक्राची त्यांना मनापासून लाज वाटायची.

जाताना महाराजांनी दोन गोष्टी बजावल्या. “दर पौर्णिमेला आणि अमावस्येला मी येऊन प्राणप्रतिष्ठा करीन, नाहीतर दोष परत येईल. आणि ज्याच्या मनात शंका असेल, त्याला दर्शन जुनं दिसेल. तो यंत्राचा दोष नाही, मनाचा.”

काय बेमालूम कुलूप होतं हे! यादी चुकली असं जो म्हणेल, तो स्वतःच पापी ठरणार.

आणि यादी चुकत होतीच. पहिल्याच आठवड्यात पहूरच्या झिपरूचा फोन आला. झिपरू तिथला फ्रीज सांभाळतो. “नाना, पडद्यावर मह्याकडे सात पिशव्या दिसतात, फ्रीजात पाचच आहेत.” मी पारसला सांगितलं. पारस म्हणाला, “झिपरूला म्हणा मन शुद्ध ठेव.” झिपरू गरीब माणूस, तो गप्प बसला. मग धुळ्यात तसंच झालं, मग शिरपुरात. प्रत्येकाने एकदा विचारलं, एकदा ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी नुसता फ्रीज उघडून आपापलं काम चालवलं. पौर्णिमा-अमावस्येला महाराज येत, अर्धा तास घंटा वाजवत, आणि त्या दिवशी आकडे अगदी तंतोतंत जुळत. मग भक्त आम्हाला म्हणत, “बघा!”

मी काय करत होतो? खरं सांगतो, मी मनात महाराजांना शिव्या देत होतो आणि बोटाने त्यांच्याच वेगाचा आनंद लुटत होतो. तीन मिनिटं चाळीस सेकंद थांबायला नको, हे कुणाला आवडणार नाही? भोंदूची टिंगल करणं सोपं असतं. त्याची सोय सोडणं अवघड जातं.

असे दोन महिने गेले. एका एकादशीला सकाळी अकरा वाजता शिरपूरच्या एका दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची धनीबाई, वय चोवीस, पहिलं बाळंतपण. मुलगा झाला होता, पण धनीबाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट बी निगेटिव्ह. “शिरपूरच्या फ्रीजमध्ये नाही म्हणतात. कुठे आहे, लवकर सांगा.”

मी बटण दाबलं. यादी तत्क्षणी आली. बी निगेटिव्ह: जळगाव शून्य, धुळे शून्य, शिरपूर शून्य, पहूर दोन.

पहूर म्हणजे शिरपूरहून दूरचं टोक. तरी झिपरूला फोन लावला, गाडी काढायला सांगितली. तो दुसरीकडे पिशव्या पोचवायला गेला होता, परत यायला वीस मिनिटं लागली. फ्रीज उघडून म्हणाला, “नाना, त्या दोन तं आठ दिवस झाले, जामनेरले गेल्या. मी नोंद बी केली व्हती.”

वीस मिनिटं गेली. मी घाईघाईने बी निगेटिव्ह दात्यांची वही काढली. आमच्याकडे असे नियमित दाते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातली एक ललिता पावरा. धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवते. तिचं माहेर शिरपूरच्याही वर, डोंगरातलं. दर तीन-चार महिन्यांनी न सांगता येऊन रक्त देणारी बाई.

“ललिताताई, शिरपूरला एका बाळंतिणीला बी निगेटिव्ह हवंय. आत्ता निघता येईल?”

“नाना, मी नऊ दिवसांपूर्वीच दिलंय. धुळ्याला. माझ्यासोबत आमच्या कॉलेजच्या शिपायानेही दिलं, त्याचाही हाच गट. दोन पिशव्या असतील ना धुळ्यात.”

“पडद्यावर शून्य दिसतंय.”

“मग माझी पिशवी गेली कुठे?”

या प्रश्नाने माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात पडद्यावर विसंबून बसलेला मीच मला दिसलो. मी धुळ्याला कुंदाबाईंना फोन लावला. त्या तिथल्या टेक्निशियन.

“कुंदाबाई, पडदा बघू नका. फ्रीज उघडा. बी निगेटिव्ह?”

फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला. “शेतस ना नाना, दोन शेतस. तपासनीना कागद बी लायेल शे. पडदावर नही दिसतीस म्हनीसन कोनी मांग्याच नहीत.”

गाडी सुटली. धुळे ते शिरपूर तासाभराचा रस्ता. पिशव्या पोचेपर्यंत दुपारचा पाऊण वाजला होता. धनीबाई वाचली. पण डॉक्टरीणबाईंना तोवर थांबता आलं नव्हतं. रक्त नाही, स्राव थांबत नाही. त्यांनी गर्भपिशवी काढली. नंतर मला म्हणाल्या, “बाराच्या सुमाराला दोन पिशव्या हातात असत्या, तर मी आणखी प्रयत्न केला असता. कदाचित वाचवता आली असती. कदाचित.”

दुसऱ्या दिवशी मी शिरपूरला गेलो. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली धनीबाईचा नवरा फत्तेसिंग बसला होता. मी ओळख सांगितली. त्याने सरकून मला बसायला जागा दिली. मग शांतपणे म्हणाला, “रगत धुळ्याले व्हतं ना, भाऊ? मंग मशीननी नही शे असं काबरं सांगं?”

त्याच्या आवाजात राग असता तर मी सोसला असता. त्याला फक्त कारण हवं होतं. बारा वर्षं त्या यंत्रासमोर बसून मला ते सांगता येईना. मी तिथूनच ललिताताईंना फोन केला.

त्या चौथ्या दिवशी, पौर्णिमेला, जळगावात आल्या. सोबत एक जुना लॅपटॉप, बाकी काही नाही. पारसने जिन्यातच अडवलं. “मॅडम, आज महाराज येतायत. बाहेरच्या माणसाला सर्व्हरला हात लावता येणार नाही.”

“महाराज आतले आहेत का?” ललिताताईंनी विचारलं.

आवाज ऐकून निर्मलकुमारजी बाहेर आले. धनीबाईचं त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, “येऊ दे तिला. बघू दे. देखने में क्या जाता है?”

हॉल नेहमीसारखा भरलेला. महाराज आसनावर, प्राचार्य पहिल्या रांगेत. ललिताताई उभ्या राहून म्हणाल्या, “महाराज, पूजेआधी एक छोटी तपासणी करू.”

“देवाची परीक्षा घेत नाहीत, बाळ.”

“देवाची नाही. यादीची.”

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून कुंदाबाईंना विचारलं, धुळ्याच्या फ्रीजमध्ये आत्ता ए पॉझिटिव्ह किती? “अकरा शेतस.” पडद्यावर सहा. झिपरूला विचारलं, ओ पॉझिटिव्ह? “चार.” पडद्यावर नऊ.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. महाराजांनी हात वर केला. “मी सांगितलं होतं. ज्याच्या मनात शंका, त्याला जुनं दिसतं. या फोनवरच्या बाईच्या मनात शंका आहे.”

कुंदाबाई अजून फोनवर होत्या. त्यांचा आवाज हॉलभर घुमला. “मना मनमां काय शंका? फ्रीज उघाडीसन मोज्यात ना मी! मनमां मोज्यात का?”

पहिलं हसू तिथे फुटलं.

ललिताताईंनी लॅपटॉप जोडला, पडद्यावर सगळ्यांना दिसेल असा. “आता सर्व्हरलाच विचारू, ‘उपलब्ध रक्त’ ही वस्तू काय आहे. व्ह्यू असेल तर तो सांगेल व्ह्यू.” त्यांनी एक ओळ टाइप केली. उत्तर आलं: टेबल. खाली तयार झाल्याची तारीख, गेल्या अमावस्येची. वेळ, सकाळी अकरा बेचाळीस.

“महाराज, गेल्या अमावस्येला अकरा बेचाळीसला आपण कुठे होतात?”

प्राचार्यच नकळत बोलून गेले, “एकांतात. आत. पूजेला.”

निर्मलकुमारजी पुढे सरकले. “ताई, मला नाही कळत. व्ह्यू आणि टेबल, फरक काय?”

“सोपं आहे, आबा. समजा, तुमचं धान्याचं गोदाम आहे. तुम्ही माणसाला सांगता, जा, कुठल्या मालाची किती पोती आहेत ते बघून ये. तो जातो, मोजतो, येऊन सांगतो. व्ह्यू म्हणजे तो हुकूम. कागदावर लिहून ठेवलेला हुकूम. त्यात माल नसतो. दर वेळी कुणीतरी आत जाऊन मोजावंच लागतं. गोदाम वाढलं, तसा तुमच्या माणसाला वेळ लागायला लागला. या गृहस्थांनी काय केलं? त्या माणसाला घरी बसवलं, एका अमावस्येला स्वतः एकदाच मोजून यादी केली आणि ती दारावर चिकटवून दिली. ती यादी म्हणजे टेबल. नाव तेच ठेवलं, ‘उपलब्ध रक्त’. चिकटवलेली यादी वाचायला कितीसा वेळ लागतो?”

“आणि तो हुकूम? तो फाडला?”

“नाही. नवी यादी काढायला तो लागतो ना दर पंधरवड्याला. नाव बदलून ठेवलाय.” त्यांनी पडद्यावर दाखवलं. आमच्या जुन्या व्ह्यूचं नाव महाराजांनी ठेवलं होतं ‘पितर’.

आता हसणं नव्हतं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं की पंधरा दिवस फ्रीज भरत होते, रिकामे होत होते आणि पडदा अमावस्येतच अडकून बसला होता.

तीनपैकी एक इंजिनिअर अब्रू वाचवायला उठला. “पण मॅडम, उत्तर असं साठवून ठेवण्याची पद्धत असतेच की. मोठमोठ्या कंपन्या करतात.”

“करतात. मी वर्गात शिकवतेसुद्धा. पण त्या यादीवर वेळ लिहितात, ती आपोआप ताजी होण्याची सोय करतात, आणि किती जुनं चालेल हे आधी ठरवतात. गेल्या महिन्यात किती शिबिरं झाली, याचं उत्तर शिळं चाललं असतं. फ्रीजमध्ये आत्ता रक्त आहे का, याचं चालत नाही. शिळं उत्तर देणं हा गुन्हा नाही. ते ताजं म्हणून विकणं हा गुन्हा आहे.”

मग त्या पारसकडे वळल्या. “तुम्ही बी.ई. आहात. मी टाइप केली ती एक ओळ तुम्हालाही येते. दोन महिन्यांत एकदाही टाइप केली नाहीत?”

मला वाटलं, पारस नाही म्हणेल. तो म्हणाला, “केली होती. तिसऱ्याच दिवशी.”

“मग?”

“सगळे खूश होते. काका पहिल्यांदा मला शाबास म्हणाले होते.”

दोन महिने मी त्याला मूर्ख समजत होतो. तो मूर्ख नव्हता. त्याला सगळं दिसत होतं आणि तो गप्प बसला होता. भोंदूला हजार भाबड्यांचा जेवढा आधार मिळत नाही, तेवढा अशा एका जाणत्या माणसाच्या मौनाचा मिळतो.

निर्मलकुमारजींनी पुतण्याकडे पाठ फिरवली. तेवढ्यात महाराज पेनड्राइव्ह सावरत उठले. “यंत्रावर परस्त्रीची सावली पडली. आता फळ मिळणार नाही.”

“आमच्या पाड्यावर भगत अंगात आणतो,” ललिताताई म्हणाल्या. “तो कोंबडं मागतो. शहरातली माणसं आम्हाला अडाणी म्हणतात. तुम्ही इथे ॲडमिनचा पासवर्ड मागितलात आणि शिकलेल्या माणसांनी तो भूर्जपत्रावर लिहून दिला. भगत बरा. त्याच्या कोंबड्यापायी कुणाची गर्भपिशवी जात नाही.”

महाराज जिन्याकडे निघाले. रुद्राक्ष, कफनी, गंध सगळं जागच्या जागी होतं, पण लोक वाट सोडेनात. पोलीस येईपर्यंत ते तिथेच, पाणपोईच्या बाकावर बसून राहिले. चौकशीत निघालं की ते पूर्वी संगणकाचा क्लास चालवत. विद्या होती तर! विद्या होती, म्हणूनच तर इतक्या सफाईने फसवणूक करता आली. प्रामाणिकपणे दुरुस्ती केली असती तर लोकांनी आभार मानले असते आणि विसरून गेले असते. पायावर डोकी ठेवली नसती. त्यांना डोकी हवी होती.

आता खरी दुरुस्ती. ललिताताईंनी ती त्याच हॉलमध्ये, सगळ्यांसमोर केली. डेटाबेसला विचारता येतं की बाबा रे, तू उत्तर शोधतोस कसं? त्याने मुकाट्याने सांगितलं. चार लाख जुन्या-नव्या पिशव्यांपैकी दर पिशवीमागे तो ‘राखीव’ नोंदींची अख्खी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळत होता, कारण त्या वहीला अनुक्रमणिकाच नव्हती. शिवाय पारसने हा व्ह्यू दुसऱ्या व्ह्यूवर रचला होता, तो तिसऱ्यावर, आणि त्या तिसऱ्यात दात्यांचे पत्ते, शिबिरांची नावं, असलं सगळं उगाच ओढून आणलेलं होतं. एका हुकुमाच्या पोटात दुसरा हुकूम, त्याच्या पोटात तिसरा. वरून दिसायला एकच ओळ. व्ह्यू केला की काम आपोआप जलद होतं, असं पारसला वाटायचं. ललिताताई म्हणाल्या, संगणकवाल्यांमधली ही जुनी अंधश्रद्धा आहे.

त्यांनी नको ते ओझं काढलं. दोन अनुक्रमणिका बांधल्या. त्यांच्या भाषेत इंडेक्स. महाराजांची चिकटवलेली यादी काढून टाकली आणि खऱ्या हुकुमाला त्याचं नाव परत दिलं. पंचवीस मिनिटं लागली. दार उघडं होतं, प्रत्येक ओळ त्या मोठ्याने वाचून दाखवत होत्या, आणि अधूनमधून प्राचार्यांनाच विचारत होत्या, “कळलं का?”

निर्मलकुमारजींनी बटण दाबलं. सेकंदाच्या आत यादी आली. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. त्यांनी स्वतः फोन उचलला. “कुंदाबाई, ए पॉझिटिव्ह?”

“अकरा.”

पडद्यावर अकरा.

त्या दिवसापासून यादीच्या माथ्यावर, ती कोणत्या क्षणी मोजली, ती वेळ छापलेली असते. पारसचं काम काढून घेतलं. निर्मलकुमारजी शिरपूरला जाऊन फत्तेसिंगसमोर हात जोडून आले. फत्तेसिंगने त्यांना बसायला खाट दिली आणि पाणी दिलं. माफ केलं की नाही, हे तो बोलला नाही, आणि ते विचारण्याचा आम्हाला अधिकार नाही. मी मात्र त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. गोदामाचीच गोष्ट सांगितली. कधी शाळेत न गेलेल्या त्या माणसाला ती एका दमात समजली. मान हलवून म्हणाला, “म्हंजे बठ्ठासले माहीत व्हतं, पन कोनी इचारं नही.” बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना.

ही गोष्ट मी प्रत्येक शिबिरात सांगतो. ऐकणारे महाराजांना हसतात, आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं, आम्ही नसतो फसलो. फसला असता. तुमच्यापेक्षा जास्त शिकलेले फसले. कारण तो चमत्कार देवाच्या नावाने आला नव्हता, सोयीच्या नावाने आला होता. कफनी काढून, कोट घालून तो उद्या तुमच्या कचेरीत येईल आणि म्हणेल, कसं ते विचारू नका, वेग बघा. त्याला दार लावू देऊ नका. किल्ली देऊ नका. आत काय केलं ते सगळ्यांसमोर दाखवायला लावा. यंत्र कधी खोटं बोलत नाही, असं म्हणणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. यंत्र तेच बोलतं जे कुणीतरी त्याच्या तोंडी घातलेलं असतं. उत्तर पटकन आलं म्हणून ते खरं ठरत नाही. ते केव्हाचं आहे आणि कुणी मोजलं, एवढं विचारा. आणि जीव कुणाचा टांगणीला असेल, तर उठा, चार पावलं चाला आणि फ्रीज उघडून बघा.